गावकुसाबाहेरचे परराष्ट्र

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात गेली काही वर्षे एक मागणी जोराने पुढे येत आहे. या विषयाची पाठ्यपुस्तके युरोपातून येतात, १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून जगाचा आरंभ मानतात, आणि आशिया-आफ्रिकेतील लोकांनी त्याआधी हजारो वर्षे राज्ये केली, तह केले, दूत पाठवले, याची साधी दखलही घेत नाहीत, अशी ही तक्रार आहे. अमिताव आचार्य आणि बॅरी बुझान यांनी २००७ मध्ये ती ठळकपणे मांडली. त्यानंतर पाश्चात्त्येतर विचारांचा शोध सुरू झाला. चीनचे प्राचीन तत्त्ववेत्ते वाचले जाऊ लागले, आपल्याकडे कौटिल्यावर परिसंवाद भरू लागले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 'भारतीय ज्ञानपरंपरा' हा शब्द प्रत्येक महाविद्यालयाच्या दारात आणून ठेवला. त्याच वर्षी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी आपल्या ग्रंथात महाभारतातून मुत्सद्देगिरीचे धडे काढून दाखवले.

ही मागणी मला रास्त वाटते. ज्या समाजाला शतकानुशतके 'तुमचा इतिहासच नाही' असे ऐकावे लागले, त्या समाजातून मी आलो आहे. कोणाचा इतिहास गिळून टाकणे म्हणजे काय, हे मला युरोपकडून शिकावे लागत नाही. परंतु म्हणूनच 'आपली परंपरा' या शब्दातला 'आपण' कोण, हे मी विचारणार. पाश्चात्त्यांची मक्तेदारी मोडायची आणि तिच्या जागी आग्रहाराची मक्तेदारी बसवायची, एवढाच जर या शोधाचा शेवट असेल, तर बहिष्कृतांच्या पदरात त्यातून काहीच पडणार नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्राचीन भारतातील आंतरराष्ट्रीय विचाराची परीक्षा केवळ राजाराजांमधल्या सीमेवर होऊ शकत नाही. ती गावकुसावर व्हावी लागते. त्या काळच्या युद्धांनी आणि तहांनी सर्वांत टिकाऊ सीमा आखली ती राज्याच्या कडेला आखली नाही, गावाच्या कडेला आखली. आणि या सीमेचा सिद्धांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालीच मांडून ठेवला आहे.

हे सारे तपासून पाहायला रामटेकसारखी दुसरी जागा नाही. मी या तालुक्यात बरीच वर्षे इतिहास शिकवीत आहे, म्हणून आपल्या गावाचे कौतुक करतो असे कोणी समजू नये. नागपूरच्या ईशान्येला असलेली ही टेकडी म्हणजे वाकाटकांची रामगिरी. तिच्या दक्षिणेला जवळच नगरधन, म्हणजे त्यांची राजधानी नंदिवर्धन. पश्चिमेला मनसर, जिथे दुसऱ्या प्रवरसेनाची नवी राजधानी प्रवरपूर होती असे बहुतेक अभ्यासक मानतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी ती हीच, असे आयुष्यभर प्रतिपादन केले. आजच्या काळातही परराष्ट्र धोरणाचा या मातीशी संबंध आला. १९८४ आणि १९८९ मध्ये लोकसभेवर रामटेकने निवडून दिलेले पी. व्ही. नरसिंह राव हे १९८८-८९ मध्ये देशाचे परराष्ट्रमंत्री होते आणि १९९१ मध्ये ते पंतप्रधान झाले. १९९७ मध्ये येथे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ निघाले. तेव्हा 'भारतीय आंतरराष्ट्रीय विचार' शोधणाऱ्यांना इथे साहित्य भरपूर आहे. प्रश्न ते कसे वाचायचे हा आहे.

वाकाटकांच्या कथेच्या पाठीमागे गुप्तांची सत्ता उभी आहे, म्हणून आधी समुद्रगुप्ताची प्रयाग-प्रशस्ती पाहू. इसवी सनाच्या चौथ्या शतकातला, हरिषेण नावाच्या अधिकाऱ्याने रचलेला हा लेख म्हणजे त्या काळच्या परराष्ट्र व्यवहाराची जणू वर्गवारी आहे. आर्यावर्तातील राजे समूळ उखडले. दक्षिणापथाचे बारा राजे पकडले, सोडले आणि उपकृत केले. सीमेवरच्या राज्यांनी कर दिले, आज्ञा पाळल्या. दूरच्या शक-कुषाणांनी आणि सिंहलासारख्या द्वीपवासीयांनी शरणागती दिली, आपल्या मुली नजर केल्या, गरुडमुद्रेची सनद मागून घेतली. मुलींच्या नजराण्याला त्या लेखात 'कन्योपायनदान' असा रीतसर शब्द आहे. आणि अटवीतले, म्हणजे जंगलातले राजे? त्यांना 'परिचारक', म्हणजे सेवेकरी, केले.

अभ्यासक या लेखाची वाखाणणी करतात. शत्रू, मांडलिक, मित्र यांना वेगवेगळी वागणूक देणारे लवचीक धोरण म्हणून त्याकडे बोट दाखवतात. लवचीकपणा त्यात आहेच. पण तो कोणासाठी होता हे त्याच यादीत लिहिले आहे. हरलेल्या दक्षिणी राजाला त्याचे राज्य परत मिळते. हरलेल्या अटवीराजाला चाकरी मिळते. एका पराभवाचा शेवट सन्मानात, दुसऱ्याचा सेवेत. हा फरक तलवारीच्या बळातून आलेला नाही. समोरचा कोण आहे, हे आधीच ठरवून ठेवणाऱ्या मूल्यव्यवस्थेतून तो आलेला आहे.

समुद्रगुप्ताचा मुलगा दुसरा चंद्रगुप्त. त्याने आपली मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली. शक क्षत्रपांच्या विरुद्ध गुजरात-सौराष्ट्राकडे वळणाऱ्या गुप्तांना पाठीमागे विदर्भातला वाकाटक मित्र हवा होता, असे व्हिन्सेंट स्मिथपासून इतिहासकार सांगत आले. रुद्रसेन लवकर वारला. मुले लहान होती. प्रभावतीने त्यांच्या नावाने राज्य चालवले. नंदिवर्धनाहून तिने दिलेला ताम्रपट आज पुणे ताम्रपट म्हणून ओळखला जातो. त्याचा आरंभ वाकाटकांच्या वंशावळीने होत नाही, गुप्तांच्या होतो. लग्नानंतरही ती आपले माहेरचे धारण गोत्र सांगते. पुढे मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर असताना तिने रामगिरीच्या देवाच्या पायापाशी बसून दिलेला दुसरा ताम्रपट ऋद्धपूरला सापडला. नगरधनच्या उत्खननात, २०१५ नंतरच्या काही हंगामांत, तिचे नाव आणि शंख असलेली मातीची मुद्राही मिळाली.

प्रभावतीला निव्वळ तहातली वस्तू म्हणणे अन्यायाचे होईल. ती हातात अधिकार घेऊन वावरली. परंतु ज्या व्यवस्थेने तिला इथे आणले ती व्यवस्था तिच्या कर्तृत्वाने बदलली नाही. टेकडीवरच्या केवल नरसिंहाच्या मंदिरातला झिजलेला शिलालेख या दृष्टीने वाचावा. हान्स बेकर आणि हारुनागा आयझॅकसन यांनी त्याचे वाचन १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून असा अर्थ लावला जातो की प्रभावतीची मुलगी पुन्हा गुप्तांच्याच घरात, घटोत्कच नावाच्या मामाला दिली गेली आणि पुढे भावाने तिला बळाने माहेरी आणले. आईला उत्तरेतून दक्षिणेत आणले, मुलीला दक्षिणेतून उत्तरेत नेले आणि परत ओढून आणले. तह राजांचे झाले; त्यांची किंमत राजघराण्यातल्या बायकांनीही भरली.

इथपर्यंतचा इतिहास पाठ्यपुस्तकांत सापडतो. त्यापुढचा व्यवहार ताम्रपटांत आहे. तिथे मात्र आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक सहसा पोचत नाहीत, कारण गावाचे दान ही त्यांना धर्माची किंवा महसुलाची बाब वाटते.

वाकाटकांच्या दानपत्रांत एक ठरीव मसुदा येतो. दिलेल्या गावावर कर नाही. भट आणि छात्र, म्हणजे राजाचे शिपाई-प्यादे, यांना तिथे प्रवेश नाही. गायबैल, फुले, दूध, कातडे, कोळसा, मीठ, खाणी यांवरचा राजाचा हक्क सुटलेला आहे. सर्व प्रकारच्या विष्टीतून, म्हणजे वेठीतून, गाव मुक्त आहे. जमिनीतला ठेवाही दान घेणाऱ्याचा. आता हा मसुदा आजच्या भाषेत वाचा. राजाचे सैन्य जिथे पाऊल ठेवू शकत नाही, राजाचा कर जिथे चालत नाही, त्या भूमीला आपण काय म्हणतो? सार्वभौमत्वाचे अनेक हक्क राजाने कागदोपत्री, नव्हे तांब्यावर, दुसऱ्याला देऊन टाकले आहेत.

दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मक ताम्रपट यापुढे जातो. आजच्या अमरावती जिल्ह्यातील अचलपूरजवळचे चर्मांक हे गाव, मधुनदीच्या काठची आठ हजार भूमी, त्याने एक हजार ब्राह्मणांना दिली. त्यांतल्या मोजक्यांचीच नावे पत्र्यावर आहेत. पण दान सशर्त आहे. या ब्राह्मणांनी राज्याशी द्रोह करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये, चोरी-व्यभिचार-विषप्रयोगासारखे गुन्हे करू नयेत, तोपर्यंत जमीन त्यांची. युद्ध करू नका, शेजारी गावांवर चालून जाऊ नका, ही अट भिक्षुकाला कोणी घालत नाही. ती सत्ता असलेल्याला घालतात. म्हणजे राजाच्या लेखी हा तह होता, आणि ब्राह्मणसमूह हा तहातला दुसरा पक्ष होता.

या तहात तिसरा कोणी आहे का? पुणे ताम्रपट गावच्या कुटुंबिकांना उद्देशून आहे. त्यांचे कुशल विचारले आहे आणि मग आज्ञा दिली आहे. त्यांची संमती मागितलेली नाही, पण निदान त्यांना कळवले तरी आहे. वेठ करणारे हात, कातडे कमावणारे, कोळसा पाडणारे, मिठाच्या आणि खाणीच्या कामावरचे, हे सारे मात्र पत्र्यावर कराची बाब म्हणून येतात, माणूस म्हणून येत नाहीत. राजाने वेठीचा आपला हक्क सोडला असे त्यात लिहिले आहे. वेठ करणारा सुटला, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

आता कौटिल्याकडे येऊ. आर. शामशास्त्री यांनी अर्थशास्त्राची पोथी उजेडात आणून १९०९ मध्ये छापली, तेव्हापासून हा ग्रंथ 'आपला' मुत्सद्दी ग्रंथ झाला. परिसंवादांतून त्याचे सहावे आणि सातवे अधिकरण वाचले जाते. बारा राजांचे मंडल, शेजारी तो शत्रू आणि शत्रूच्या पलीकडचा तो मित्र, संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय, द्वैधीभाव हे सहा उपाय. हे सारे हुशारीचे आहे यात शंका नाही. परंतु त्याच ग्रंथाचे दुसरे अधिकरण का वाचले जात नाही? तिथे नवा मुलूख कसा वसवावा याचा पहिलाच अध्याय आहे. गावे वसवावीत, त्यांत शूद्र शेतकरी अधिक असावेत. सरहद्दीवर अंतपालांचे दुर्ग असावेत. आणि त्यांच्या मधल्या प्रदेशाची राखण कोणी करावी? वागुरिक, शबर, पुलिंद, चांडाळ आणि अरण्यचर यांनी. पुढे नगररचनेच्या अध्यायात याच चांडाळांची वस्ती कुठे असावी तेही सांगितले आहे. स्मशानाच्या कडेला.

राखण करायला राज्याच्या मोक्याच्या जागा, राहायला स्मशान. मंडलाचा सिद्धांत आणि ही वस्तीची आज्ञा एकाच बुद्धीतून निघाली आहे. बाहेरच्या वर्तुळात शत्रू-मित्र मोजायचे असतील तर आतल्या वर्तुळात कोणाला तरी फुकट पहाऱ्यावर बसवावे लागते. सातवे अधिकरण शिकवायचे आणि दुसरे झाकायचे, ही ज्ञानाची सेवा नव्हे. ही निवड आहे, आणि ती कोणाच्या सोयीची आहे हे सांगण्याची गरज नाही.

या आतल्या वर्तुळाचा सिद्धांत बाबासाहेबांनी मांडला. 'अस्पृश्य मूळचे कोण आणि ते अस्पृश्य कसे बनले?' हा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला तो अर्पण केलेला आहे. समाजशास्त्रात त्याची चर्चा होते, धर्मेतिहासात होते. परंतु तो आंतरराष्ट्रीय संबंधांचा ग्रंथ आहे, असे मी सरळ म्हणतो.

त्याची मांडणी आठवा. आदिम समाज टोळ्यांचा होता. काही टोळ्या शेती करून स्थिरावल्या, काही भटक्याच राहिल्या. त्यांच्यात सतत युद्धे होत. युद्धात हरलेली टोळी फुटे आणि तिची माणसे वाताहत होऊन रानोमाळ फिरत. त्यांना अन्न आणि आसरा हवा होता. स्थिर झालेल्या टोळ्यांना हल्लेखोरांपासून राखण हवी होती. दोघांच्या गरजेतून करार झाला. वाताहत झालेल्यांनी गाव राखायचे, गावाने त्यांना पोसायचे. मात्र ते परक्या रक्ताचे, म्हणून त्यांनी गावात राहायचे नाही, वेशीबाहेर राहायचे. आयर्लंडमधले 'फुइदिर' आणि वेल्समधले 'ऑल्टुड' हे असेच परके लोक होते, हे बाबासाहेब तुलनेसाठी दाखवतात. तिथे ही परकी माणसे कालांतराने गावात मिसळून गेली. इथे मिसळली नाहीत. का नाहीत, याचे उत्तर ते बौद्ध आणि ब्राह्मण धर्मांच्या संघर्षात आणि गोमांसाच्या प्रश्नात शोधतात. अस्पृश्यतेचा जन्म ते सुमारे इ. स. ४०० च्या आसपास ठेवतात, आणि गुप्त राजांनी गोवध हा देहदंडाचा गुन्हा केला या गोष्टीला त्यात महत्त्व देतात.

सुमारे इ. स. ४००. प्रभावती नंदिवर्धनात राज्य करीत होती तो हाच काळ. चिनी भिक्षू फाहियान उत्तर भारतात फिरत होता तो हाच काळ. मध्यदेशातले चांडाळ गावाबाहेर राहतात, नगरात किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवतात, म्हणजे लोक त्यांना टाळून चालतील, असे त्याने लिहून ठेवले. बाबासाहेबांनी या एका पुराव्यावर सारे अवलंबून ठेवले नाही. चांडाळांविषयी ब्राह्मणांचा द्वेष विशेष होता, म्हणून त्यावरून सरसकट अनुमान काढता येत नाही, असे त्यांनीच बजावले आहे. त्यांच्या तारखेवर पुढच्या संशोधकांनी वाद घातला; काहींनी अस्पृश्यता आणखी मागे नेली. तो वाद चालू द्यावा. माझा मुद्दा तारखेचा नाही, फाहियानच्या दृश्याचा आहे. वाळवंटे आणि पर्वत ओलांडून आलेला परदेशी माणूस नगरात सन्मानाने शिरतो. त्याच नगराच्या कडेला जन्मलेला माणूस लाकूड वाजवीत शिरतो. या दोघांत परराष्ट्रीय कोण?

मंडलाच्या सिद्धांताला हा प्रश्नच पडत नाही. बाबासाहेबांच्या सिद्धांताचा तो पाया आहे. हरलेल्या राष्ट्राचे पुढे काय होते, हे आंतरराष्ट्रीय संबंधांचे कोणतेही शास्त्र सांगू पाहत असेल, तर त्याला इथे यावे लागेल. काही हरलेले मांडलिक होतात, काही मिसळतात, काही मरतात. आणि काही पराभव असे असतात की ते वंशपरंपरेने चालू राहतात. युद्ध विसरले जाते, शत्रू विसरला जातो, पण तहाची अट उरते आणि धर्म तिला पावित्र्य देतो.

या तहाची कामे आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत चालू होती. देशावर त्याला वेसकर म्हणत, आमच्याकडे कोतवाल. गावाच्या वेशीवर रात्री जागायचे. शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष काढायची, कारण शीव कुठल्या झाडापासून कुठल्या ओढ्यापर्यंत जाते हे त्याला पाठ. सरकारी खजिना पोचवायचा, मयताचा सांगावा परगावी न्यायचा. सरहद्दीचा पहारा, सीमेचे ज्ञान आणि निरोप नेणे ही परराष्ट्र व्यवहाराची तिन्ही कामे ज्याच्या हाती होती, त्याला गावाच्या चावडीवर बसायला जागा नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले, ते हा जुना तह मोडण्यासाठीच. मुंबई राज्यात हलकी गावकी वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला.

निरोप नेण्यावरून मेघदूताची आठवण येते. आषाढाच्या पहिल्या दिवशी रामटेकला कालिदासाचे स्मरण होते आणि ते व्हावे; थोर कवीशी माझे भांडण नाही. त्याला कुंतलाच्या राजाकडे दूत म्हणून पाठवले होते अशी एक परंपराही आहे आणि 'कुंतलेश्वरदौत्य' नावाची आज न मिळणारी कृती त्याच्या नावावर सांगितली जाते. तेव्हा दूताचे मोल त्याला ठाऊक असले पाहिजे. मेघदूतातला यक्ष स्वामीच्या शापाने हद्दपार झालेला आहे, पण त्याच्या हद्दपारीला एका वर्षाची मुदत आहे. त्याचा मेघ रामगिरीहून निघतो, रेवा, विदिशा, उज्जयिनी, कुरुक्षेत्र ओलांडून अलकेला जातो. वाटेत त्याला कोणी अडवत नाही. गुप्त-वाकाटकांच्या सोयरिकीने खुला झालेला तो मुलूख आहे, असे वाचता येते. त्या वाटेवर रानातल्या स्त्रियाही एका ठिकाणी येतात, त्या वेलींच्या कुंजांची शोभा म्हणून. अटवीचा राजा प्रशस्तीत सेवक झाला आणि अटवीची बाई काव्यात अलंकार झाली. मुदत नसलेली हद्दपारी भोगणारा माणूस मात्र ना प्रशस्तीत आहे, ना काव्यात. संस्कृत सौंदर्यशास्त्राला तो विषय वाटलाच नाही.

हे सारे मांडताना आपल्या लोकांनाही दोन शब्द सांगणे मला आवश्यक वाटते. कौटिल्याला उत्तर म्हणून आपण अशोक पुढे करतो. धम्मविजयाची कल्पना खरोखरच थोर आहे. तेराव्या शिलालेखात अशोक कलिंगाच्या युद्धाबद्दल पश्चात्ताप सांगतो आणि ग्रीक राजांच्या मुलखापर्यंत धम्माची वार्ता पोचवल्याचे लिहितो. जिंकलेल्या राजाने स्वतःच्या विजयाची लाज शिळेवर कोरावी, याला जगाच्या इतिहासात तोड शोधावी लागेल. पण त्याच लेखात अटवीतल्या लोकांना तो बजावतो की पश्चात्ताप झाला तरी माझ्याजवळ सामर्थ्य आहे. तेही वाचले पाहिजे. समुद्रगुप्ताची प्रशस्ती ज्या स्तंभावर आहे त्याच स्तंभावर अशोकाचे लेख आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकच्या शिळेवर प्राणिहत्या मना करणारा मौर्यकालीन लेख आहे आणि त्याच शिळेवर पहिल्या रुद्रसेनाच्या देवस्थानाचा लेख आहे. एका दगडावर दोन राजवटी बोलतात. आपण त्या दोन्ही ऐकाव्यात, आणि दोघींनाही अटवीतल्या माणसाबद्दल विचारावे.

तीच गोष्ट मनसरची. तिथले अवशेष नागार्जुनाच्या विहाराचे की प्रवरसेनाच्या शिवमंदिराचे, यावर मोठा वाद झाला. वाद व्हावा, पुरावे तपासले जावेत. परंतु विटा कोणाच्या, एवढ्यावर आपला इतिहास संपत नाही. त्या विटा भाजल्या कोणी, वाहिल्या कोणी, हा प्रश्न दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे.

बाबासाहेबांनी बौद्ध परंपरेबद्दलही अशीच सावध नजर ठेवली होती. १९५४ मध्ये भारत आणि चीन यांच्यात तिबेटसंबंधीचा करार झाला आणि पंचशील हा शब्द परराष्ट्र धोरणाचा मंत्र बनला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेत बोलताना त्यांनी त्याला हरकत घेतली. पंचशील हा बौद्ध धर्माचा महत्त्वाचा भाग आहे. माओला त्यावर विश्वास असता तर त्याने आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते, असा त्यांचा रोख होता. दोनच वर्षांनी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारणारा हा माणूस बौद्ध शब्द राजकारणात मिरवला जातो म्हणून हरखून गेला नाही. शब्द कुठून आला हे त्याने पाहिले नाही. घरातल्या दुर्बळाशी तो शब्द कसा वागतो हे पाहिले. प्राचीन विचाराची परीक्षा कशी करावी याचा हा वस्तुपाठ आहे.

कोणी म्हणेल, जात ही समाजाची अंतर्गत बाब, तिचा आंतरराष्ट्रीय संबंधांशी काय संबंध? हा आक्षेप घेणाऱ्यांनी थोडा विचार करावा. 'आतले' आणि 'बाहेरचे' यांची ही कडेकोट वाटणी, आतल्या कारभारात बाहेरच्याने बोलायचे नाही हा नियम, त्याच वेस्टफालियाच्या नावाने ओळखला जातो ज्याच्या विरुद्ध ही सारी चळवळ उभी आहे. कौटिल्य शिकवायचा तेव्हा वेस्टफालिया नको, आणि गावकुसाचा प्रश्न आला की वेस्टफालियाच्या आड लपायचे, हे चालणार नाही.

हा वाद पुस्तकी नाही. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे संयुक्त राष्ट्रांची वंशभेदविरोधी परिषद भरली. दलित संघटना तिथे गेल्या आणि जातीचा प्रश्न जगापुढे मांडला. जात म्हणजे वंश नव्हे, ही आमची अंतर्गत बाब आहे, अशी भारत सरकारची भूमिका होती. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्माधारित भेदभावात जातीचा समावेश होतो असे स्पष्ट केले. वेशीबाहेरचा माणूस जगाच्या चावडीवर जाऊन बोलला, याचाच राग अनेकांना आला. १९३१ मध्ये गांधीजींना भेटताना मला मातृभूमी नाही असे बाबासाहेब म्हणाले, तेव्हाही असाच राग आला होता. ते वाक्य भावनेचा उद्रेक म्हणून वाचले जाते. १९४८ च्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचले की कळते, तो एका जुन्या तहावरचा अभिप्राय होता. ज्याला गावाने कधी आपला मानले नाही, त्याने त्या गावाला मातृभूमी म्हणायचे कोणत्या कलमानुसार?

माझी अपेक्षा फार मोठी नाही. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासक्रमात कौटिल्य जरूर यावा, पण सातव्या अधिकरणाबरोबर दुसरेही यावे. प्रयाग-प्रशस्ती शिकवताना 'परिचारक' आणि 'कन्योपायनदान' हे शब्द फळ्यावर लिहावेत. प्रभावतीचे आणि प्रवरसेनाचे ताम्रपट केवळ धर्मदान म्हणून न शिकवता सत्तेचे करार म्हणून शिकवावेत. आणि ज्या यादीत अर्थशास्त्र असेल, त्याच यादीत 'अस्पृश्य मूळचे कोण' हा ग्रंथ असावा; शेवटी पुरवणी वाचन म्हणून नव्हे, सिद्धांत म्हणून. शिक्षकांनी ही मागणी अभ्यास मंडळांत मांडावी, विद्यार्थ्यांनी वर्गात विचारावी, कार्यकर्त्यांनी शिबिरांत हे ताम्रपट मराठीतून वाचून दाखवावेत. नगरधनची मुद्रा हातात घेऊन राणीचे नाव वाचता येते. त्याच नगरधनाच्या वेशीवर त्या रात्री कोण जागे होते, हेही आता आपल्यालाच विचारावे लागेल.